खेळायचं असेल तर इथेच राहा!

(डोंबिवलीत खेळाडू मुलींच्या पालकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मैत्रिणींनो, आणि मागच्या रांगेत बसलेल्या बाबांनो,

स्त्री-चळवळीच्या व्यासपीठावरून हॉटेलच्या खोलीबद्दल बोलायचं, याची काहींना गंमत वाटेल. हुंडा, मारहाण, पोटगी हे आपले नेहमीचे विषय. त्यात ही खोली कुठून आली? पण ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या खेळाडू मुलींच्या आयांशी बोलताना एक वाक्य पुन्हा पुन्हा कानावर येतं, "मुलीची निवड झाली, पण आम्ही पाठवली नाही." का नाही पाठवली, असं विचारलं की अभ्यास, परीक्षा, तब्येत अशी कारणं निघतात. जरा खोलात गेलं की खरं कारण कळतं. तिथे राहायचं कुठे आणि सोबत कोण जाणार? मुलाच्या बाबतीत हा प्रश्न स्पर्धेच्या आदल्या दिवशी सुटतो. मुलीच्या बाबतीत तो नाव नोंदवण्याच्या आधी उभा राहतो आणि पुष्कळदा तिथेच तिचा खेळ थांबवतो.

आज मी यातल्या एकाच नियमाबद्दल बोलणार आहे. आयोजकांनी ठरवलेल्या जागीच राहिलं पाहिजे, हा तो नियम. तुमच्यापैकी ज्यांच्या मुली बुद्धिबळ खेळतात त्यांना तो पाठ असेल. जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, म्हणजे फिडेच्या, वयोगटांच्या जागतिक स्पर्धा होतात. ८, १०, १२ वर्षांखालची मुलं एका स्पर्धेत, १४, १६, १८ वर्षांखालची दुसरीत. प्रत्येक देशाच्या प्रत्येक गटातल्या एका अधिकृत खेळाडूची राहण्या-जेवणाची सोय यजमान करतात. बाकीचे खेळाडू स्वखर्चाने जातात. त्यांनी खोली घ्यायची ती आयोजकांमार्फत, अधिकृत हॉटेलातच. बाहेर राहायचं असेल तर अनेक स्पर्धांच्या पत्रकांत वेगळा आकार लावलेला असतो. आणि आई किंवा बाबा बरोबर असतील तर ते 'सोबतची व्यक्ती'. त्यांचे पैसे वेगळे.

आता हिशेब करू. अशा स्पर्धेत ११ फेऱ्या असतात, एखादा दिवस विश्रांतीचा, म्हणजे साधारण १२ रात्री. समजा माणशी दिवसाला ७० युरो धरले आणि युरो १०० रुपयांचा धरला, तर एका माणसाचे ८४ हजार होतात. मायलेकींचे १ लाख ६८ हजार. यात विमान नाही, व्हिसा नाही, प्रवेश शुल्क नाही. त्याच गावात नातेवाईक राहत असले, किंवा स्वयंपाकघर असलेली स्वस्त खोली मिळत असली, तरी उपयोग नाही. बरं, नऊ वर्षांची मुलगी एकटी जाऊच शकत नाही. म्हणजे आईचा खर्च ही काही हौस नव्हे, मुलीच्या खेळण्याची ती अट आहे. तरी कागदावर ती 'सोबतची व्यक्ती'.

२०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमी इथे महिला विश्वचषक जिंकला. जिंकल्यावर ती आईच्या गळ्यात पडून रडली, ते दृश्य आपण सगळ्यांनी पाहिलं. दिव्या १० वर्षांखालच्या गटात जगज्जेती झाली ती २०१४ साली, दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनला. १२ वर्षांखालच्या गटात झाली ती २०१७ साली, ब्राझीलमध्ये. एवढ्या लहान मुली एवढ्या लांब जातात तेव्हा घरातलं कुणीतरी नोकरी, दवाखाना, दुकान बाजूला ठेवून सोबत निघालेलं असतं. बहुतेक घरांत ते कुणीतरी म्हणजे आई. तिची बुडालेली रजा, बुडालेला पगार आणि वर तिच्याच खोलीचं बिल, याची नोंद कुठल्याच क्रीडा-अंदाजपत्रकात नसते.

आयोजकांना ही सक्ती का हवी असते? त्यांची बाजूही ऐकून घेऊ. सगळे एका जागी असले की बस एक, डॉक्टर एक, वेळापत्रक एक, कुणी हरवत नाही. हे खरं आहे. पण दुसरी बाजू पैशाची आहे. खूप खोल्या एकगठ्ठा घेतल्या की हॉटेल काही खोल्या फुकट देतं, किंवा दर खोलीमागे आयोजकाला काही रक्कम परत देतं. अमेरिकेत मुलांच्या स्पर्धांत या पद्धतीला नावच आहे, 'स्टे टु प्ले'. आपल्या भाषेत सांगायचं तर, खेळायचं असेल तर इथेच राहा. तिथे चिअरलीडिंग या मुख्यतः मुलींच्या खेळात एका मोठ्या कंपनीवर पालकांनी २०२० साली खटला भरला. मक्तेदारीमुळे आमच्याकडून जादा पैसे उकळले, ही मुख्य तक्रार, आणि हॉटेलची सक्ती हा तिचाच एक भाग. कंपनीने २०२४ साली ८ कोटी २५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. लक्षात घ्या, ते पालक म्हणजे आपल्यासारखीच, मुलीच्या हौसेसाठी पोटाला चिमटा काढणारी माणसं होती.

तुम्ही म्हणाल, बाई, आमच्या मुली कबड्डी, खो-खो खेळतात. आम्हाला कुठलं आलंय अधिकृत हॉटेल! बरोबर. पण सक्ती तुम्हालाही आहे, फक्त हॉटेलच्या जागी शाळेचा वर्ग आहे. आपल्या शालेय स्पर्धा महापालिका पातळीवर खेळल्या जातात, तिथून विभाग, मग राज्य. इथे सावळाराम महाराज क्रीडासंकुलात किंवा ठाण्याला सामना असला तर मुलगी लोकलने रात्री घरी येते. राज्य पातळीवर गेली की चार दिवस बाहेर. संघाला जी जागा दिली तिथेच सगळ्यांनी राहायचं. कधी शाळा, कधी मंगल कार्यालय, कधी वसतिगृह.

त्या जागेबद्दल मुली काय सांगतात ते मी सांगते, कारण घरी त्या बोलत नाहीत. दाराला कडी नाही. खिडकीला तावदान नाही, म्हणून ओढणी बांधली. पन्नास मुलींत दोन मोऱ्या, म्हणून पहाटे चारला उठून आंघोळ. संडास पटांगणाच्या पलीकडे आणि वाटेवर दिवा नाही, म्हणून संध्याकाळपासून पाणीच प्यायचं नाही. विचार करा, दुसऱ्या दिवशी उन्हात चढाया करायच्या आहेत आणि मुलगी मुद्दाम तहानलेली राहते! पाळी आली तर पॅड टाकायला डबा नाही, ते कागदात गुंडाळून पिशवीत चार दिवस सांभाळायचं. याला आपण 'खेळाडूने सोसायला शिकलं पाहिजे' म्हणतो. सोसणं आणि कणखरपणा यांत फरक आहे. कणखरपणा मैदानावर लागतो. मोरीच्या दाराला कडी नसण्यातून तो येत नाही.

हे फक्त आपल्याकडचं नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये उत्तर प्रदेशात सहारनपूरला १७ वर्षांखालच्या मुलींची राज्य कबड्डी स्पर्धा होती. मुलींना वाढायचा भात स्वच्छतागृहाच्या फरशीवर ठेवलेला चित्रफितीत दिसला. चित्रफीत देशभर फिरली म्हणून क्रीडा अधिकारी निलंबित झाला. ती फिरली नसती तर?

यापुढची गोष्ट अधिक गंभीर आहे. राहायची जागा कोण ठरवतो, खोल्या कोण वाटतो, ही सत्ता असते. २०२२ च्या जूनमध्ये भारताचा सायकलपटूंचा संघ सरावासाठी स्लोव्हेनियात होता. संघात पाच पुरुष आणि एक मुलगी. खोल्या दोघांत एक अशाच आहेत, या सबबीवर प्रशिक्षकाने आपल्याला त्याच्याच खोलीत राहायला लावलं, अशी तक्रार त्या मुलीने भारतीय क्रीडा प्राधिकरणाकडे केली. प्राधिकरणाने तिला परत आणलं, प्रशिक्षकाची नेमणूक रद्द झाली. खोल्यांचं वाटप म्हणजे बिनमहत्त्वाचं कारकुनी काम असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे प्रकरण आठवावं. त्यानंतर त्याच महिन्यात प्राधिकरणाने सूचना काढल्या. संघात मुली असतील तर देशात काय नि परदेशात काय, प्रवासात महिला प्रशिक्षक बरोबर असलीच पाहिजे. ही सूचना राष्ट्रीय संघांसाठी आहे. आपल्या गल्लीतल्या क्लबच्या संघाबरोबर कोण जातं, ते तुम्हीच आठवा.

मग काय, मुलींना कुलपात ठेवायचं? सुरक्षिततेचं नाव घेतलं की आपल्याकडे हेच सुचतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये महिला विश्वचषकासाठी आलेल्या ऑस्ट्रेलियाच्या दोन खेळाडू इंदूरमध्ये हॉटेलमधून कॉफी प्यायला चालत निघाल्या. मोटरसायकलवरच्या एका माणसाने त्यांची छेड काढली. त्या तर चांगल्या, बंदोबस्तातल्या हॉटेलात राहत होत्या. त्यावर राज्याचे एक मंत्री म्हणाले, बाहेर जाताना कळवायला हवं होतं, खेळाडूंनाही यातून धडा मिळाला. धडा कुणाला मिळायला हवा होता? म्हणून अधिकृत जागा आणि सुरक्षितता एकच, असं मानू नका. आणि सुरक्षिततेच्या नावाखाली मुलींना सातनंतर खोलीत कोंडणारी व्यवस्थाही मान्य करू नका. मुलगे गाव फिरतात आणि मुली गॅलरीतून बघतात, हेही मला मुलींनीच सांगितलं आहे.

कायदा या बाबतीत आपल्या बाजूने आहे, पण तो आपल्याला कुणी सांगत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा फक्त कचेऱ्यांसाठी आहे असा समज आहे. त्या कायद्यात 'कामाचं ठिकाण' या शब्दांच्या व्याख्येत क्रीडासंस्था, स्टेडियम, क्रीडासंकुल, स्पर्धेची जागा हे सगळं आहे आणि तिथे राहण्याची सोय असो वा नसो, असं स्पष्ट म्हटलं आहे. तक्रार करणारी बाई तिथे नोकरीला असलीच पाहिजे असंही नाही. संस्थेत दहापेक्षा कमी कामगार असतील, म्हणून तक्रार समिती नसेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. मुलगी अठराच्या आतली असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. शिवाय २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. त्यात राष्ट्रीय क्रीडा संघटनांना महिला आणि अल्पवयीन खेळाडूंच्या संरक्षणाचं धोरण करायला सांगितलं आहे आणि कार्यकारिणीत किमान चार बायका असाव्यात अशी तरतूद आहे. वरून खाली झिरपत हे डोंबिवलीपर्यंत आपोआप येईल, या भ्रमात मात्र राहू नका.

"पूर्वीच्या मुली तक्रार करत नव्हत्या," असं कुणी म्हणेल. पूर्वीच्या मुलींनीही सोसलं आणि भांडणंही केली. १९७३ साली महिला क्रिकेटची संघटना झाली. त्या पिढीच्या खेळाडू बिनआरक्षणाच्या डब्यातून प्रवास करत आणि जमिनीवर झोपत. २ नोव्हेंबर २०२५ ला आपल्याच जिल्ह्यात, नेरुळच्या मैदानावर भारताच्या मुलींनी विश्वचषक उचलला, तेव्हा स्टेडियममध्ये टाळ्या वाजवणाऱ्यांत त्या पिढीच्याही बायका होत्या असं मी धरून चालते. आणि १९७६ साली रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेत उतरली, तेव्हा गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि जागतिक संघटनेच्या अध्यक्षांनी सांगितलं की स्त्रियांना अशा स्पर्धांत मज्जाव करता येणार नाही. नियम दगडावरची रेघ नसतो. कुणीतरी तो हलवून पाहावा लागतो.

तर आपलं म्हणणं काय? आयोजकांनी राहण्याची सोय करू नये, असं आपण म्हणत नाही. उलट, सोय हवीच. आपलं म्हणणं एवढंच की जो सक्ती करतो त्याने जबाबदारीही घ्यावी. 'राहा इथेच' म्हणायचं आणि काही झालं तर 'पालकांनी काळजी घ्यायला हवी होती' म्हणायचं, हे चालणार नाही. म्हणून आपल्या मागण्या अशा आहेत :

१. स्पर्धेच्या पहिल्याच परिपत्रकात राहण्याची जागा, एकूण खर्च आणि हॉटेलकडून आयोजकाला काय मिळतं, हे लिहिलेलं असावं.

२. ज्यांना आपली सोय आपण करायची आहे त्यांना ती करू द्यावी. त्यासाठी दंड किंवा जादा आकार नको.

३. अठरा वर्षांखालच्या मुलीबरोबरची एक व्यक्ती संघाचाच भाग मानावी. तिच्या खर्चाचा भार एकट्या कुटुंबावर टाकू नये. संघाबरोबर महिला प्रशिक्षक किंवा शिक्षिका असावी आणि तिला पूर्ण भत्ता मिळावा.

४. जागा सक्तीची असेल तर कडी, दिवा, पाणी, पुरेसे संडास आणि पॅडसाठी झाकणाचा डबा या गोष्टी मुली पोचण्याआधी एखाद्या बाईने पाहून सही करावी.

५. कोण कुठल्या खोलीत, ही यादी निघण्याआधी पालकांच्या हातात यावी. प्रौढ पुरुषाबरोबर मुलीची खोली कुठल्याही कारणाने नको.

६. तक्रार कुणाकडे करायची, त्या बाईचं नाव आणि फोन नंबर मुक्कामाच्या जागी भिंतीवर लावावा.

यातली एकही मागणी आकाशातली नाही. झाकणाच्या डब्याला फारसे पैसे लागत नाहीत.

हे पत्र आपण तीन ठिकाणी देणार आहोत. महापालिकेच्या क्रीडा विभागाला, जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना आणि ज्या त्या खेळाच्या जिल्हा संघटनेला. हातात पोच घ्यायची, तोंडी आश्वासनावर परतायचं नाही. आणि एक काम घरी करायचं आहे. स्पर्धेहून आलेल्या मुलीला पहिला प्रश्न 'जिंकलीस का?' असा विचारता, त्याच्या जोडीने 'झोपलीस कुठे, आंघोळ कुठे केलीस, रात्री संडासला कोणाबरोबर गेलीस?' हेही विचारा. ती सांगेल ते तारखेसह वहीत लिहून ठेवा. पुढच्या बैठकीत त्या नोंदी एकत्र करू. पत्राच्या प्रती दाराजवळच्या टेबलावर आहेत. सही करूनच घरी जा, आणि ज्या आज आल्या नाहीत त्यांच्यासाठी एकेक प्रत घेऊन जा.