उतारवयातली जोडी

क्युबातले गायक इब्राहिम फेरेर गाणं सोडून बूट पॉलिश करत होते. १९९६ साली त्यांना रेकॉर्डिंगचं बोलावणं आलं. सोबत ओमारा पोर्तुओंदो, त्या म्हाताऱ्या गवयांच्या मेळ्यातली एकटी बाई. १९९९ च्या 'बुएना व्हिस्टा सोशल क्लब' या माहितीपटात दोघं जोडीनं गातात. कुणी कुणावर आवाज चढवत नाही. जात्यावर एकीची ओवी दुसरी उचलते, तसं. गाण्यात ओमाराबाईंचे डोळे भरून येतात, इब्राहिम हळूच पुसतात. शब्द स्पॅनिश, आम्हाला कळले नाहीत. पण लग्नानंतर ज्यांचं भजन सुटलं, त्या आमच्यातल्या दोघीतिघी फार वेळ गप्प होत्या. पुढे २००० साली इब्राहिम यांना लॅटिन ग्रॅमी मिळालं, तेही नवोदित कलाकाराचं! वय ७३.