नव्या वर्षात आपल्या हाताचा रोज मांडू या



जानेवारी लागला की घरोघरी भिंतीवर नवं कॅलेंडर येतं. दुधाचा रतीब, गॅसची टाकी, मुलांच्या परीक्षा, हातउसने दिलेले पैसे, सगळं आपण त्याच्या चौकटीत लिहितो. पण आज आपण किती तास पापड लाटले, किती ब्लाउज शिवले, शेळ्यांमागे किती वेळ गेला, हे कुठेच लिहीत नाही. कुणी विचारलंच तर म्हणतो, "आम्ही काय, घरीच असतो."

शहरातली माणसं नव्या वर्षात बढतीचा, पगारवाढीचा विचार करतात. आपण बचत गटातल्या बायाही धंदा करतो. आपल्या धंद्यात मालकीणही आपण आणि कामाला येणारीही आपणच. मग कामाला येणारीचा रोज मालकिणीने ठरवायला नको का? आज आम्ही त्याबद्दलच बोलणार आहोत.

उडदाच्या पापडाचा हिशेब करू. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुम्ही तुमच्या बाजारातले भाव घाला. १० किलो उडदाचं पीठ, किलोला १४० रुपयांनी, म्हणजे १४०० रुपये. पापडखार, मिरी, हिंग, मीठ यांचे ४०० रुपये. तेल १०० रुपये, पिशव्या आणि लेबलं २०० रुपये, बाजारात न्यायचं भाडं ३०० रुपये. सगळे मिळून झाले २४०० रुपये. त्यातून पाव किलोची ४० पाकिटं निघाली, तर एक पाकीट ६० रुपयांना पडलं. आपण ते ८० रुपयांना विकतो आणि म्हणतो, पाकिटामागे २० रुपये सुटले, ४० पाकिटांचे ८०० रुपये फायदा झाला.

आता यात माणसं किती लागली ते पाहू. पाच जणी दिवसभर पीठ मळायला, कुटायला, लाटायला बसल्या. दुसऱ्या दिवशी वाळवण आणि पाकिटं भरायला एकीचा दिवस गेला. म्हणजे सहा रोज. ८०० रुपये सहा रोजांत वाटले तर एकीच्या वाट्याला १३३ रुपये येतात. तुमच्या गावात खुरपणीला ३०० रुपये रोज मिळत असेल, तर पापड लाटणारी बाई निम्म्याहून कमी रोजावर राबली. त्याला आपण फायदा म्हटलं.

खरा हिशेब असा होतो. सहा रोजांचे १८०० रुपये खर्चात धरायचे. २४०० आणि १८०० मिळून ४२०० रुपये. भागिले ४० पाकिटं, म्हणजे एक पाकीट १०५ रुपयांना पडलं. त्यावर तुटफूट, न विकलेला माल आणि पोळपाट-लाटण्यापासून वजनकाट्यापर्यंतची झीज यांसाठी दहा रुपये धरले, तर ११५ रुपये भाव होतो.

लगेच कुणी म्हणेल, "११५ ला कोण घेणार? दुकानात स्वस्त मिळतो." हा प्रश्न खरा आहे. त्याला तीन वाटा आहेत. एक, हाताने लाटलेल्या पापडाला जिथे मान आहे तिथे तो न्यायचा: शहरातली प्रदर्शनं, लग्नाच्या रुखवताच्या ऑर्डरी, नोकरी करणाऱ्या ओळखीच्या बायका. दोन, वेळ कमी करायचा. पीठ मळायचं आणि पापड दाबायचं यंत्र गटाने मिळून घेतलं तर सहा रोजांचे तीन होतात का, ते आधी कुणाकडे जाऊन बघायचं आणि मगच कर्ज काढायचं. तीन, दोन्ही जमत नसेल तर तो माल सोडून दुसरा धरायचा. रोज सुटत नाही असा माल बंद करणं यात कमीपणा नाही. मालकिणीनेच तो निर्णय घ्यायचा असतो.

लाटण्याला मोल असतं हे सांगायला लिज्जतचं उदाहरण पुरेसं आहे. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापडाचं काम सुरू केलं. तिथे बाई सकाळी मळलेलं पीठ घरी नेते आणि पापड लाटून, वाळवून परत देते. वजनाप्रमाणे तिला लाटणावळ मिळते. फायदा झाला तर त्यात वाटा वेगळा. मजुरी आणि फायदा या दोन वेगळ्या गोष्टी त्यांनी वेगळ्याच ठेवल्या. गटातही तसंच करता येतं. लाटणावळ त्याच आठवड्यात ज्या बाईने काम केलं तिला द्यायची, आणि फायदा वर्षाच्या शेवटी सगळ्यांनी मिळून वाटायचा किंवा धंद्यात घालायचा. बैठकीला येणारी आणि राबणारी यांच्यात जी कुरबुर होते, ती यामुळे पुष्कळ कमी होते.

आता कागदपत्रांकडे वळू. खाण्याचा माल विकायचा तर अन्न परवाना लागतो. वर्षाची उलाढाल ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तर साधी नोंदणी पुरते. तिचा १४ आकडी नंबर पाकिटावर छापायचा. त्याबरोबर मालाचं नाव, त्यात काय काय घातलं, निव्वळ वजन, किंमत, केव्हा बनवला, केव्हापर्यंत खावा, कुणी बनवला आणि शाकाहारी मालाची हिरवी खूण, एवढं लेबलावर हवं. दुकानदार आणि प्रदर्शनवाले आधी हेच बघतात. दुसरी, उद्यम नोंदणी. ती आधार कार्डावर होते आणि सरकार तिचे पैसे घेत नाही. कुणी या नोंदणीच्या नावावर हजार-दोन हजार मागत असेल तर थांबा आणि आधी उमेदच्या ताईंना किंवा माविमच्या सहयोगिनीला विचारा.

नवीन काम शिकायचं असेल तर ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेची चौकशी करा. बहुतेक जिल्ह्यांत ती आहे, बँका ती चालवतात. शिवण, पापड-लोणची, शेळीपालन असे वर्ग तिथे मोफत असतात, राहण्याजेवणासह. आपल्या बँकेत विचारलं तर पत्ता मिळतो. दहा-पंधरा दिवस घर कसं सोडू, हा पहिला प्रश्न येणारच. लग्नकार्याला सासूबाई, जाऊबाई, शेजारीण घर सांभाळतात. शिकायला जातानाही त्यांनाच आधी सांगून ठेवायचं, आणि उद्या त्यांची वेळ आली की आपण उभं राहायचं.

फोनवर पैसे घेताना एक लक्षात ठेवा. पैसे यायचे असतील तर पिन टाकावा लागत नाही. "ऑर्डरचे पैसे पाठवतोय, पिन टाका" असं कुणी म्हटलं तर फोन ठेवून द्या. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, बँकेतून बोलतोय म्हटलं तरी नाही. आणि धंद्याचे पैसे घरखर्चाच्या डब्यात मिसळू नका. वेगळं खातं असलं की वर्षाअखेर काय उरलं ते दिसतं, आणि कर्ज मागताना बँकेला दाखवताही येतं.

आता पुढच्या बैठकीत करायची तीन कामं सांगतो. पहिलं, गटाच्या एका मालाचा हिशेब हाताच्या रोजासकट मांडा आणि वहीत लिहा. दुसरं, प्रत्येकीने महिनाभर कॅलेंडरच्या चौकटीत आपल्या कामाचे तास लिहायचे. जिला लिहिता येत नाही तिने एका तासाला एक उभी रेघ मारायची. तिसरं, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं चालतात. वाणासाठी शंभर ग्रॅमची मसाल्याची, चटणीची छोटी पाकिटं करून ठेवा. मात्र भाव सांगताना रोज धरलेलाच सांगा. ओळखीच्या बाईने "आपल्यातलीच आहेस, कमी कर" म्हटलं, तर हसून सांगा, "वाणात एक पाकीट जास्त देईन बाई, पण हाताचा रोज कमी नाही करणार."

महिनाअखेरीला तुमच्या रेघा मोजा. घरी असतो म्हणणाऱ्या बाईचे किती रोज भरले, ते घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

नवं वर्ष तुम्हाला बरकतीचं जावो. रामराम.