कमानीच्या आधी तीन पायऱ्या



आयोजकांनी पाच मिनिटं दिली आहेत आणि "तुझ्या कामाबद्दल बोल" असं सांगितलंय. मी नाशिकला आर्किटेक्ट आहे. बंगले कमी, जुन्या इमारतींची कामं जास्त. त्यातही दवाखान्यांच्या आणि कचेऱ्यांच्या दर्शनी भागाची. म्हणजे माणूस आत शिरून जिथे थबकतो आणि विचारतो, "साहेब, कुठे जायचं?" ती जागा.

एका दवाखान्यात केसपेपरची खिडकी छातीइतकी उंच होती आणि काचेला वाटीएवढं भोक. बाहेरचा वाकून बोलायचा, आतला ओरडून विचारायचा. कोणाला काय दुखणं आहे ते साऱ्या रांगेला कळायचं. आम्ही काच काढली, टेबल अडीच फुटांवर आणलं, खाली गुडघे जातील एवढी मोकळी जागा ठेवली आणि पुढे दोन खुर्च्या मांडल्या. चाकाच्या खुर्चीवरचा माणूसही आता समोरासमोर बोलतो. पण मला जास्त गंमत वाटली ती कारकुनाच्या आवाजाची. दोघंही बसलेले असले की ओरडायचं कारणच राहत नाही! काम म्हणाल तर एका सुताराचं.

भाषेचंही तसंच. आपल्या शेजारचं नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिथे चार भाषांत घोषणा होतात. पिंपळनेरच्या बाजारात पश्चिम पट्ट्यातली माणसं कोकणी, मावची, भिली बोलतात, गाव अहिराणी बोलतं, आणि कचेरीत पाटी असते 'आवक-जावक विभाग'. "तुले काय जोयजे, माय?" असं विचारणारं कोणी दाराशी बसलं, तर निम्म्या पाट्या उतरवता येतील.

आता आपल्या शाळेविषयी. माजी विद्यार्थी निधीतून प्रवेशद्वारावर दगडी कमान बांधायची आणि देणगीदारांची नावं कोरायची, असं ठरत आलंय. माझं नावही त्या यादीत आहे. तरी माझा कमानीला विरोध आहे. आज सकाळी नोंदणी कार्यालयात होती. सत्तरी ओलांडलेले आपले तीन सर पायऱ्यांपाशीच थांबले, शेवटी वही खाली आणावी लागली. कोणी काही बोललं नाही. दाखल्यासाठी नातवाचं बोट धरून येणाऱ्या आज्यांसाठी वही कोण खाली आणणार? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ शाळेची इमारत सर्वांना वापरता येईल अशी करायला सांगतो. पण कायद्याचा धाक आपल्या माणसांना कशाला दाखवू?

गणित सरांनीच शिकवलंय. पायऱ्या ३, प्रत्येकी ६ इंच, म्हणजे चढ १८ इंच. उताराचं प्रमाण एकास बारा धरलं की लांबी १८ फूट. याहून खडा केला तर चाकाची खुर्ची चढवताना ढकलणाऱ्याचा दम निघतो. रुंदी ४ फूट, दोन्ही बाजूंना कठडा, फरशी खरबरीत. चकचकीत टाइल्स नकोत, पावसाळ्यात घसरतात. व्हरांड्याच्या कडेने निंबापर्यंत हा उतार बरोबर बसतो, झाड तोडावं लागत नाही. आत कार्यालयाचं उंच काउंटर कापून खाली घ्यायचं आणि एक बाक ठेवायचा. एवढं करून पैसे उरले, तर कमान बांधा. मग मीच नकाशा काढून देतो, फुकट.

निधी समितीच्या मंडळींनी जेवण झाल्यावर दहा मिनिटं व्हरांड्यात यावं. खडूने रेघ मारून ठेवली आहे, टेप माझ्या खिशात आहे.