तिरुवैयारूची पंचमी

संगीताच्या मोठ्या उत्सवाला प्रथमच जाणारा मनुष्य सहसा श्रोता म्हणूनच जातो. गाणारे वर, व्यासपीठावर. ऐकणारे खाली, बिछायतीवर. ही व्यवस्था त्याच्या इतकी अंगवळणी पडलेली असते की, तिच्याविषयी विचार करण्याचे त्याला कारणच पडत नाही. मान डोलवावयाची, जागच्या जागी दाद द्यावयाची आणि भैरवी संपली की उठून घरी यावयाचे, एवढेच आपले काम असे तो मानतो. भारतात असा एक उत्सव मात्र आहे की, जेथे ही समजूत पहिल्याच भेटीत ढासळते. तामिळनाडूतील तिरुवैयारू या गावी, कावेरीच्या काठी, दरवर्षी पौष वद्य पंचमीस होणारी त्यागराज आराधना हा तो उत्सव होय.

संत त्यागराजांचा जन्म १७६७ साली तिरुवारूर येथे झाला आणि १८४७ च्या जानेवारीत, पौष वद्य पंचमीस, तिरुवैयारू येथे त्यांनी देह ठेवला. त्यांची मातृभाषा तेलुगू, भूमी तामीळ आणि राज्य मराठ्यांचे, असा हा विलक्षण योग होता. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी सतराव्या शतकात तंजावरास गादी स्थापिली. त्यागराजांच्या प्रौढ वयात त्या गादीवर दुसरे सरफोजी राजे होते. राज्यकारभार १७९९ सालीच इंग्रजांच्या हाती गेला होता. तथापि ग्रंथ आणि कला यांवरील राजांचे प्रेम उणे झाले नाही. सरस्वती महाल हे प्रसिद्ध ग्रंथालय त्यांच्याच परिश्रमांनी समृद्ध झाले, आणि भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा प्रदीर्घ मराठी शिलालेख तंजावरच्या बृहदीश्वराच्या मंदिरात आजही वाचावयास मिळतो.

अशा या रसिक राजाने त्यागराजांना दरबारी बोलाविले आणि त्यांनी ते आमंत्रण नाकारले, अशी आख्यायिका आहे. धन अधिक सुखाचे की रामाची सेवा अधिक सुखाची, असा प्रश्न विचारणारी त्यांची कल्याणी रागातील कृती त्या प्रसंगाशी जोडली जाते. कल्याणी म्हणजे आपल्याकडील यमनाची दक्षिणेतील बहीण. आख्यायिकेचा ऐतिहासिक आधार काहीही असो, त्यागराजांचे जगणे मात्र तिच्याशी सुसंगत होते. गात गात दारोदार फिरावे, ओंजळीत पडेल तेवढे धान्य घ्यावे आणि त्यावर शिष्यांसह निर्वाह करावा, असा त्यांचा क्रम होता. तिकडे या व्रताला उंछवृत्ती म्हणतात. मराठी मनुष्याला ‘माधुकरी’ या एका शब्दात ते कळावे.

काही वर्षांपूर्वी तिरुचिरापल्लीस बदलून गेलेले एक मराठी गृहस्थ आपल्या पत्नीसह या आराधनेस प्रथमच गेले. गृहस्थ संगीताचे जुने शौकीन. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात त्यांनी अनेक रात्री जागून काढलेल्या. पत्नी लहानपणी गाणे शिकलेली. पण लग्नानंतर ते गाणे देवघरापुरते आणि स्वयंपाकघरापुरते उरलेले. तिरुचिरापल्लीत शेजारी राहणाऱ्या एका मामींनी मात्र दुपारच्या निवांत वेळी तिला त्यागराजांची एक कृती शिकविली होती. तेलुगू शब्द देवनागरीत उतरवून आणि अर्थ विचारून घेऊन तिने ती पाठ केली होती. ही गोष्ट गृहस्थांना ठाऊक होती. परंतु तिचे पुढे काही व्हावयाचे आहे, असे त्यांच्या मनातही नव्हते.

तंजावरहून तिरुवैयारू सुमारे तेरा किलोमीटरांवर आहे. एवढ्या अंतरात बसगाडी एकामागून एक पूल ओलांडते. गावाचे नावच मुळी पाच नद्यांवरून पडलेले. पोंगल नुकताच आटोपलेला, भाताची शेते कापणीला आलेली, आणि गावात शिरताच प्रत्येक वाट नदीकडे चाललेली. समाधीसमोर प्रशस्त मांडव घातलेला होता. दोन्ही बाजू मोकळ्या असल्यामुळे नदीवरचा वारा सरळ आत येत होता. तिकीट नव्हते, आणि गाणाऱ्यांना बिदागीही नव्हती. येथे जो गातो तो सेवा म्हणून गातो.

पहिल्या दिवशी गृहस्थांना पुण्याची आठवण पदोपदी येत होती, आणि पदोपदी ती अपुरी पडत होती. आपल्याकडे एखादा गवई एक राग घेऊन तासभर बसतो. येथे नामवंत विद्वानालाही मोजकीच मिनिटे मिळत आणि काल-परवा शिकू लागलेल्या विद्यार्थ्यालाही. एकाचे गाणे संपते न संपते तोच शेजारच्या व्यासपीठावर दुसऱ्याचा मृदंग वाजू लागे. रागांची नावेही चकवीत. तोडी म्हणून आरंभ झाला तर कानावर आपल्या भैरवीचे सूर येत. हिंदोलम् म्हणून जे सुरू झाले तो निघाला मालकंस. मध्यरात्री जुन्या वाड्यात चाचपडत फिरावे, दार ओळखीचे वाटावे आणि उघडल्यावर खोली निराळीच निघावी, तशी त्यांची अवस्था झाली. तथापि संध्याकाळपर्यंत त्यांनी नावे विचारणे सोडून दिले होते आणि ते नुसते ऐकू लागले होते.

पंचमीच्या दिवशी सकाळी त्यागराजांच्या घरापासून समाधीपर्यंत उंछवृत्तीची मिरवणूक निघाली. गात चाललेली ती मंडळी पाहून गृहस्थ पत्नीला म्हणाले, “अगं, ही तर दिंडीच!” तुलना अगदीच अनाठायी नव्हती. तंजावरच्या मराठी राज्याबरोबर मराठी कीर्तन दक्षिणेत गेले. एकोणिसाव्या शतकात तंजावर कृष्ण भागवतांनी मराठी कीर्तनकारांपासून स्फूर्ती घेऊन तेथील हरिकथेला नवे रूप दिले, आणि आपल्या साकी, दिंडी, ओवी, अभंग यांना तामीळ कथेकऱ्यांच्या मुखी मानाचे स्थान मिळाले. दोन प्रदेशांची ओळख ही अशी गाण्याच्या वाटेने फार पूर्वीच झालेली आहे.

नऊच्या सुमारास मांडवात शांतता पसरली. समाधीच्या समोरची मधली वाट मोकळी ठेवून एका बाजूस पुरुष आणि दुसऱ्या बाजूस स्त्रिया, अशा रांगा बसल्या होत्या. त्यांत कोण प्रख्यात आणि कोण अपरिचित, हे नवख्याला ओळखू येऊ नये, इतके सर्व दाटीने बसलेले. प्रथम बासऱ्यांवर भैरवी रागातील एक कृती झाली. ही दक्षिणेची भैरवी, आपली नव्हे. मग गायन सुरू झाले. नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री या पाच रागांतील पाच कृतींना पंचरत्न म्हणतात. पहिली संस्कृतात आहे, पुढच्या चार तेलुगूत. ताल पाचांचाही आदि. चरण पुष्कळ, आणि बहुतेक चरणांत आधी सरगम म्हणावयाची व मग त्याच सुरांवर शब्द. अशी अवघड रचना शेकडो कंठांनी एका वेळी म्हणावी, हे ऐकल्याखेरीज खरे वाटत नाही. इकडे समाधीवरील मूर्तीला अभिषेक चालू होता आणि तिकडे एकेक चरण चढत होता.

गृहस्थ मांडी घालून, डोळे मिटून, पुण्याच्या रिवाजाप्रमाणे स्तब्ध बसले होते. दोन कृती झाल्यावर त्यांनी डोळे उघडले, तेव्हा त्यांना जाणवले की, आसपास स्तब्ध असे कोणीच नाही. शेजारचे वृद्ध शेतकरी वाटावेत असे गृहस्थ गात होते. मागे नातवाला मांडीवर घेऊन बसलेली आजी गात होती. शाळकरी मुले हातात छापील पुस्तके धरून गात होती. मांडवाबाहेर चहाकॉफीच्या दुकानाशी उभ्या असलेल्या माणसांचेही ओठ हलत होते. एवढ्या समुदायात ऐकणारे असे काय ते तेच एकटे.

पाचवी कृती श्रीरागातील. आपल्या सायंकाळच्या गंभीर श्रीशी तिचे नावापुरतेच नाते. जगात जे जे थोर भक्त होऊन गेले आणि आहेत, त्या सर्वांना वंदन करणारी ही रचना. तिचा आरंभ झाला आणि स्त्रियांच्या बाजूस, तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसलेल्या आपल्या पत्नीकडे गृहस्थांची नजर गेली. ती गात होती. देवघरात गुणगुणावे तसे नव्हे, मोकळ्या आवाजात. शेजारच्या मामींनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवून ताल धरला होता. इतक्या वर्षांच्या संसारात तो आवाज घराच्या भिंतींबाहेर गेलेला गृहस्थांनी कधी ऐकला नव्हता. एखादा शब्द चुकला असेल, एखादा सूर निसटला असेल. शेकडो आवाजांच्या ओघात त्याची गणना कोण करणार? गाणे संपल्यावर तिने मागे वळून पाहिले, तेव्हा गृहस्थांनी दाद दिली नाही. त्यांनी हात जोडले.

हे दृश्य आज स्वाभाविक वाटते; आणि नेमके ते तसे नव्हते, हे सांगितल्याखेरीज आराधनेची हकीकत पुरी होत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी शिष्यपरंपरेतील मंडळींनी हा उत्सव वाढविला. पुढे त्यांच्यात दोन पक्ष पडले, एक मोठा व एक धाकटा. दोन्ही पक्षांचे आपसांत वाकडे होते. परंतु स्त्रियांना समाधीपुढे गाऊ द्यावयाचे नाही, याविषयी मात्र दोघांचे एकमत होते.

बंगळूर नागरत्नम्मा या देवदासी कुळात जन्मलेल्या विदुषी. मुद्दुपळनी या अठराव्या शतकातील कवयित्रीचे तेलुगू काव्य त्यांनी १९१० साली पुन्हा छापून प्रसिद्ध केले, आणि अश्लीलतेचा आरोप होऊन त्यावर सरकारी बंदी आली. म्हणजे संघर्ष त्यांना नवा नव्हता. १९२१ च्या सुमारास त्यागराजांच्या समाधीची दुरवस्था त्यांच्या कानी आली. त्यांनी ती जागा मिळविली, गाऊन मिळविलेला पैसा आणि अंगावरचे दागिने त्या कार्यात घातले आणि समाधीवर मंदिर उभारले. मंदिर त्यांचे, पण त्याच मंदिरापुढच्या उत्सवात गाण्याचा अधिकार त्यांना नव्हता! न्यायाची अशी विटंबना क्वचितच पाहावयास मिळते. नागरत्नम्मांनी रुसून मद्रासची वाट धरली नाही. १९२७ पासून त्यांनी स्त्रियांची स्वतंत्र आराधना सुरू केली आणि ती नेटाने चालविली. अखेर १९४० साली तिन्ही पक्ष एकत्र आले. या समेटासाठी झटणाऱ्यांत एस. वाय. कृष्णस्वामी हे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधील एक अधिकारीही होते. सरकारी फायलींतून पुष्कळदा भांडणे जन्मास येतात. एखादे मिटविण्यासही असा हातभार लागतो, हे नमूद करावयास हवे. सर्वांनी एकत्र बसून पंचरत्न म्हणण्याची आजची प्रथाही याच एकोप्याच्या काळात रुजली.

तेव्हा पंचमीच्या सकाळी जे शेकडो कंठ एक होतात, ते काही निसर्गनियमाने एक झालेले नाहीत. त्यांच्यामागे एका स्त्रीची वीस वर्षांची चिकाटी आहे. मोकळ्या मैदानावरचा उत्सव आपोआप सर्वांचा होतो, असे समजणे चूक होय. मांडवाला भिंती नसल्या तरी माणसे मनाने भिंती घालू शकतात, आणि त्या पाडण्यास कोणीतरी आपले आयुष्य वेचावे लागते.

आज आराधनेचे रूप पालटले आहे. ध्वनिक्षेपक आले, चित्रण करणारे कॅमेरे आले, पुढच्या रांगेत बसण्यासाठी चढाओढही दिसते. एवढ्या गर्दीत सूर आणि शब्द यांची शुद्धता कितपत राहते, असा प्रश्न जाणकार विचारतात, आणि तो अयोग्य नाही. आकाशवाणीवरून आणि दूरदर्शनवरून हे पंचरत्न गायन देशभर प्रसृत होते, त्यामुळे घरबसल्या ते अधिक स्वच्छ ऐकू येते, हेही खरे. परंतु त्यागराजांनी आपल्या कृती निर्दोष सादरीकरणाच्या स्पर्धेसाठी रचिल्या नव्हत्या. दारोदार फिरताना ज्याच्या कानी पडेल त्याने त्या उचलाव्यात, हीच त्यांची रीत होती. दिल्लीत, कलकत्त्यात, इंदुरात किंवा बेळगावात बसून पंचमीच्या सकाळी जो रेडिओ लावील, त्याला तेलुगू येत नसले तरी बिघडत नाही. एखादा चरण त्याने सुरात सूर मिसळून म्हणून पाहावा.

नागरत्नम्मा १९५२ साली निवर्तल्या. त्यागराजांच्या समाधीजवळच त्यांचीही समाधी आहे, आणि तेथे त्यांची मूर्ती गुरूकडे तोंड करून बसलेली आहे. पंचमीच्या दिवशी स्त्रियांच्या रांगा गाऊ लागतात, तेव्हा ते गाणे त्या मूर्तीच्या डोळ्यांसमोरच चाललेले असते.