चित्रफितीचे बिऱ्हाड

(तरुण चित्रफीतकारांच्या कार्यशाळेत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



या विषयावर बोलण्यासाठी आयोजकांनी माझी निवड का केली असावी, याचा मी येताना विचार करीत होतो. मी कला शाखेचा पदवीधर. वृत्तपत्रात शिरलो तेव्हा ब्रोमाइडचे तुकडे कात्रीने कापून पान चिकटवले जात असे. तुमच्यापैकी बहुतेकांनी ब्रोमाइड हा शब्दही ऐकलेला नसेल. तरीही मी निमंत्रण स्वीकारले, कारण ‘मी माझ्या चित्रफिती कुठे टाकू?’ हा तुमचा प्रश्न आमच्या व्यवसायाला मुळीच नवा नाही. लिहिलेले कोठे छापावे, ते कोणाच्या हाती जाते आणि उद्या त्याचे काय होते, या चिंतेतच आमच्या अनेक पिढ्या गेल्या.

आधी घरातील एक गोष्ट सांगतो. खटाव तालुक्यातील एका खेड्यात माझी मावशी राहत असे. तिला जात्यावरच्या ओव्या येत होत्या; किती, ते तिलाही सांगता आले नसते. एकदा सुरू झाली की दळण संपेपर्यंत थांबत नसे. माझ्या बहिणीच्या मुलीने दोन सुट्ट्यांत तिच्या जवळजवळ साठ चित्रफिती टिपल्या. एका ॲपवर त्या टाकल्या. पंधरा सेकंदांत मावेल तेवढीच ओवी ठेवायची, मागे चालू सिनेमाचे संगीत लावायचे, असा तेथला रिवाज होता, तो तिने पाळला. लोकांना आवडल्याही. फोन भरला तेव्हा मूळ ध्वनिमुद्रणे पुसून टाकली. ‘वर आहेत ना, मामा!’ असे ती मला म्हणाली, आणि मलाही ते पटले. पुढे एका सकाळी तिचे खाते बंद झालेले आढळले. कारण नियमभंग, पण कोणत्या नियमाचा, हे अखेरपर्यंत कळले नाही. पत्रे पाठवली, त्यांना यंत्राची उत्तरे आली. तोवर मावशी गेलेली होती. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲपवर शोधाशोध करून एक तुकडा मिळाला. त्यात तिचा आवाज संगीताखाली दबलेला आहे आणि ओवी मध्येच तुटते.

याच ओव्यांची दुसरी हकिकत ऐका. पुण्यात हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी १९८० च्या दशकापासून सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. गाणारीचे नाव, गाव, विषय अशी नोंद ठेवली. ते दोघेही आज हयात नाहीत. ओव्या मात्र आहेत, आणि त्यांतील बऱ्याच संगणकावर ऐकताही येतात. माझी भाची काही कमी तळमळीची नव्हती. तिने मूळ जपले नाही, आणि आम्हा वडीलधाऱ्यांपैकीही कोणी तिला ते सांगितले नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. व्यासपीठ निवडताना तरुण मंडळी पहिला प्रश्न विचारतात, ‘व्ह्यूज कुठे जास्त?’ हा आकडा नेमका काय मोजतो, ते पाहिले पाहिजे. ३१ मार्च २०२५ पासून यूट्यूबच्या शॉर्ट्समध्ये चित्रफीत सुरू झाली की ‘व्ह्यू’ धरला जातो. किती क्षण पाहिली याची अट नाही, पुन्हा सुरू झाली तर पुन्हा धरला जातो. उत्पन्नाच्या हिशेबासाठी मात्र निराळी, अधिक कडक मोजणी ठेवलेली आहे. म्हणजे तुमच्या समाधानाला एक आकडा आणि पैशाला दुसरा! बसस्थानकावरील वृत्तपत्रविक्रेत्याच्या दुकानापुढून जाणारा प्रत्येक प्रवासी आपला वाचक धरावा, तसे हे झाले.

विक्रेत्याची उपमा मला वारंवार आठवते. कोणते साप्ताहिक दर्शनी चिमट्याला लटकवायचे आणि कोणते गठ्ठ्याखाली ठेवायचे, हे तो ठरवीत असे. त्याच्याशी भांडून उपयोग नसे. पण आमच्याकडे वर्गणीदारांची यादी होती, पत्त्यांसह. विक्रेता रुसला तरी अंक टपालाने घरी पोहोचत असे. तुमच्या फॉलोअर्सचे पत्ते तुमच्याजवळ आहेत काय? ते व्यासपीठाच्या वहीत आहेत, आणि ती वही तुम्हाला मिळत नाही.

ती वही एका रात्रीत मिटू शकते, हे आपल्या देशाने पाहिले आहे. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ अन्वये टिकटॉकसह ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली. गलवानमध्ये आपल्या २० जवानांचे बलिदान होऊन दोन आठवडेच झाले होते. देशाच्या सुरक्षेपुढे करमणुकीचे मोल ते काय, याविषयी माझ्या मनात संदेह नव्हता आणि आजही नाही. पण त्या ॲपवर ग्रामीण महाराष्ट्रातील कितीतरी साधी माणसे प्रथमच कॅमेऱ्यापुढे उभी राहिली होती, हेही खरे आहे. शेतातल्या बांधावर, गोठ्यात, पत्र्याच्या घरापुढे. त्यांचे प्रेक्षक एका दिवसात गेले. ज्यांनी लोकांना आपले नाव आणि दुसरा ठिकाणा आधीच सांगून ठेवला होता, ते पुन्हा उभे राहिले. बाकीच्यांना पहिल्या पायरीपासून चढावे लागले. अमेरिकेतील मराठी मुलामुलींनाही जानेवारी २०२५ मध्ये याची चव मिळाली. तेथेही टिकटॉक काही तास बंद पडले होते.

ती पोकळी भरायला कोण आले? इन्स्टाग्रामने ८ जुलै २०२० रोजी, म्हणजे दहा दिवसांच्या आत, भारतात रील्स सुरू केल्या. सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्सची चाचणी भारतातूनच आरंभली. आणि आपली स्वदेशी ॲप्सही आली: मोज, जोश, एमएक्स टकाटक. त्या वेळी आपल्यापैकी अनेकांनी मोठ्या उत्साहाने त्यांवर खाती उघडली, मीही उघडले. फेब्रुवारी २०२२ मध्ये टकाटक मोजमध्ये विलीन होत असल्याची घोषणा झाली. चित्रफितींचे नव्हे, पण स्वदेशी म्हणूनच गाजलेले ‘कू’ जुलै २०२४ मध्ये बंद पडले. स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्यांनी हे कटू असले तरी पाहावे. भारतीय व्यासपीठावर आपली चित्रफीत अवश्य टाका. परंतु केवळ मालक भारतीय आहे म्हणून तेथे आपले सर्वस्व ठेवू नका. भारतीय दुकानालाही टाळे लागते.

राहता राहिली दोन मोठी नावे. दोन्ही परदेशी, आणि दोन्हींचा स्वभाव निराळा आहे. इन्स्टाग्राम हा कट्टा आहे. ओळखीतून ओळख होते, एकाने दुसऱ्याला रील पाठवली की ती धावते. पैठणी विकणाऱ्या, फराळाचे पदार्थ करणाऱ्या, नृत्याचा वर्ग चालवणाऱ्या भगिनींना तेथे थेट गिऱ्हाईक भेटते, आणि त्यांनी तेथेच जावे असे मी सांगेन. पण रीलमागे ठरावीक हिस्सा मिळेल अशा आशेने जाऊ नका. तेथली कमाई मुख्यतः जाहिरातदाराकडून किंवा स्वतःच्या मालातून होते. जाहिरात घेतलीत तर ती जाहिरात आहे असे स्पष्ट सांगण्याचे बंधन आहे. जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्येच तसे नियम केले. आमच्या व्यवसायात पैसे घेऊन छापलेल्या बातमीने जी अब्रू घालवली, ती तुम्ही घालवू नका.

यूट्यूबचे स्वरूप ग्रंथालयाचे आहे, गोंगाटाच्या ग्रंथालयाचे म्हणा हवे तर. तेथे माणूस शोधत येतो. ‘पुरणपोळी फुटू नये म्हणून काय करावे’ असे विचारणाऱ्या सुनेला चार वर्षांपूर्वीची चित्रफीतही सापडते. फेब्रुवारी २०२३ पासून शॉर्ट्सच्या जाहिरातींचे उत्पन्न एकत्र करून, संगीताचा वाटा वगळून, निर्मात्याला त्याच्या वाट्यातील ४५ टक्के दिले जातात. मात्र त्यासाठीची अट नीट वाचा. १००० सबस्क्रायबर तर हवेतच; शिवाय ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज, किंवा १२ महिन्यांत मोठ्या चित्रफितींचे ४००० तास पाहणे. शॉर्ट्सच्या ओघात पाहिलेला वेळ या तासांत धरला जात नाही.

गणितात मी कच्चा, तरी हा हिशेब मी कागदावर मांडला. ९० दिवसांत १ कोटी म्हणजे रोजचे १ लाख ११ हजार. आणि ४००० तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटे. तुमची चित्रफीत बारा मिनिटांची असेल आणि लोक ती पूर्ण पाहत असतील, तर वर्षाला २० हजार वेळा, म्हणजे दिवसाला ५५ माणसे. एक लाख अनोळखी लोक रोज आपल्यापुढून सरकत जावेत की पंचावन्न माणसांनी बसून ऐकावे? गडकिल्ले, शेती, इतिहास, पाककला, भाषा अशा विषयांत काम करणाऱ्यांना यातला कोणता मार्ग झेपणारा आहे, हे वेगळे सांगायला नको. शॉर्ट हा त्यांचा दरवाजा असावा, आणि आत बसायला बारा मिनिटांची खोली असावी. शॉर्टखाली मोठ्या चित्रफितीचा दुवा जोडण्याची सोय आहे. तिचा वापर करणारे फार थोडे आढळतात, याचे मला आश्चर्य वाटते.

एक लहानशी सूचना. एका ॲपचा शिक्का उमटलेली चित्रफीत उचलून दुसऱ्यावर टाकू नका. इन्स्टाग्रामने २०२१ मध्येच सांगितले आहे की अशी उसनी दिसणारी रील ते फारशी पुढे करीत नाहीत. कापाकापी आपल्या फोनवर किंवा संगणकावर करा, संगीत न घातलेली स्वच्छ प्रत बाजूला ठेवा, मग दोन्हीकडे द्या.

टिळक-आगरकरांनी १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ काढला, तो आधी आर्यभूषण छापखाना हाती घेऊन. पैशाची ओढाताण होती, तरी यंत्र आपले हवे हा आग्रह होता. तुम्हाला यूट्यूब विकत घेता येणार नाही, हे मलाही समजते. पण हार्ड डिस्क घेता येते, वाचक-श्रोत्यांचे दूरध्वनी क्रमांक त्यांच्या संमतीने एका वहीत उतरवता येतात, तुमच्या नावाचे साधे संकेतस्थळ थोड्या खर्चात उभे राहते.

सकाळच्या सत्रात एका भगिनीने विचारले की, पन्नास हजार फॉलोअर्स झाले आहेत, शाळेतील नोकरी सोडू का? ताई, सोडू नका. निदान एक पूर्ण वर्ष उत्पन्न किती आणि कोठून आले ते महिन्यागणिक लिहून ठेवा, आणि मग घरातल्यांसमोर वही उघडून बसा.

माझ्या भाचीचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. तिने पुन्हा काम हाती घेतले आहे. मावशीच्या आळीतच दुसऱ्या एक आजी आहेत; त्यांना थोड्याच ओव्या येतात, पण त्या सावकाश गातात. भाची आता पूर्ण दळण टिपते, ते यूट्यूबवर ठेवते, आणि त्यातला एक तुकडा संगीताशिवाय दोन्हीकडे देते. प्रत्येक फाइलला गाव, तारीख आणि आजींचे नाव असते. डिस्क दोन आहेत. एक तिच्याकडे असते. दुसरी माझ्या कपाटात, जुन्या अंकांच्या बांधीव खंडांशेजारी.