ताळेबंदाचे वाचन आणि बोरघाटाचा हिशेब

आर्थिक पत्रकांचे विश्लेषण म्हणजे ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि रोकड प्रवाह पत्रक शेजारी-शेजारी ठेवून आकड्यांमागचा व्यवहार ओळखण्याची विद्या होय. ताळेबंद एका ठरावीक दिवशीची मालमत्ता आणि देणी दाखवतो, नफा-तोटा पत्रक वर्षाची कमाई सांगते, तर त्या कमाईपैकी प्रत्यक्ष पैसा किती हाती आला हे रोकड प्रवाह पत्रकातून कळते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बेंजामिन ग्रॅहॅम १९२८ पासून हा विषय शिकवू लागले आणि १९३४ साली डेव्हिड डॉड यांच्यासह त्यांनी लिहिलेला ‘सिक्युरिटी ॲनालिसिस’ हा ग्रंथ या विद्येचा पाया ठरला.

त्याच विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात भीमराव आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अर्थशास्त्र शिकत होते. अभ्यासाचे शास्त्र त्यांनी तिथले घेतले, पण त्याला लावलेला हिशेब मायदेशाचा होता, ही गोष्ट परदेशी निघालेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने नीट पाहावी अशी आहे. १९१५ साली त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर व वित्तव्यवस्थेवर प्रबंध लिहिला. त्यात कंपनीचा महसूल, खर्च आणि कर्ज यांची छाननी करून, १८५८ नंतर कंपनीच्या कर्जाचा बोजा भारताच्या महसुलावर कसा टाकला गेला हे त्यांनी दाखवले. देणे कोणी केले आणि फेडले कोणी, हा त्या वाचनाचा कणा होता.

हाच प्रश्न कर्जत-खालापूरच्या डोंगरात अधिक जवळून पाहता येतो. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८५६ साली खोपोलीपर्यंत आली, तरी पुढे सात वर्षे प्रवाशांना घाट पालखीने किंवा बैलगाडीने चढावा लागे. कर्जतच्या बाजूने ३७ फुटांमागे एक फूट अशा तीव्र चढाचा, पंचवीस बोगद्यांचा बोरघाट मार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. कड्यावर काम करणाऱ्या मजुरांपैकी हजारो जण रोगराईने आणि अपघातांनी मेले, आणि त्या मृत्यूंसाठी कोणत्याही ताळेबंदात रकाना नव्हता. भागधारकांचा पैसा मात्र सुरक्षित होता, कारण १८४९ च्या करारानुसार सरकारने जमीन विनामूल्य दिली होती आणि भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी घेतली होती. मिळकत कमी पडली तर तूट सरकारी तिजोरीतून, म्हणजे रयतेच्या करातून भरली जाई. केवळ रेल्वे कंपनीचे पत्रक वाचणाऱ्याला हा धंदा निर्धोक वाटला असता, कारण त्यातली जोखीम दुसऱ्याच्या वहीत लिहिलेली होती.

आजच्या वार्षिक अहवालात अशी जोखीम ‘संभाव्य देणी’ या टिपेत सापडते. उपकंपनीच्या कर्जाला दिलेली हमी, न्यायालयात अडकलेली करमागणी अशा रकमा ताळेबंदाच्या बेरजेत येत नाहीत, त्या पत्रकाच्या मागच्या पानांवर बारीक अक्षरांत असतात आणि जाणकार वाचक तिथूनच वाचायला सुरुवात करतो.

परदेशी शिक्षणात आणखी एक सावधगिरी लागते. अमेरिकी लेखामानकांनुसार कारखान्याच्या जमिनीची किंमत वाढवून दाखवता येत नाही. भारतीय लेखामानकांत मात्र पुनर्मूल्यांकनाची मुभा आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गामुळे खालापूर तालुक्यात जमिनीचे भाव चढले; तिथल्या एखाद्या कंपनीने जुनी जमीन नव्या भावाने मांडली, तर उत्पादन व नफा तेवढाच राहूनही मालमत्तेवरील परतावा, म्हणजे एकूण मालमत्तेच्या मानाने नफ्याचे प्रमाण, घसरलेले दिसते. हा फरक न जाणता दोन देशांतील कंपन्यांची गुणोत्तरे ताडून पाहणारा विद्यार्थी चांगल्या कारखान्याला नापास करील.

म्हणून कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांतून परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी प्रबंधासाठी न्यूयॉर्क-लंडनच्या नामांकित कंपन्यांबरोबर खोपोली परिसरात कारखाना असलेली एक तरी कंपनी घ्यावी आणि तिचे सलग दहा वर्षांचे अहवाल टिपांसह वाचावेत. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल बाजाराच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य मिळतात.