क्लच झिजला कीं वायर ताणली?



मी यंत्रशास्त्राचा पदवीधर नव्हें. शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालों, शाळामास्तर झालों आणि यथाकाल निवृत्त झालों. तथापि नोकरीचीं बहुतेक वर्षें मीं मोटारसायकलीवरून शाळेंत जाण्यायेण्यांत घालविलीं, आणि त्या वाहनानें मला शिकविलेला एक धडा आज आपणांपुढें मांडावयाचा आहे. गाडी चढाला अडूं लागली म्हणजे "क्लच गेला" असें आपण चटकन् म्हणून टाकतों. तो खरोखरच गेला आहे काय, हें इंजिन उघडण्यापूर्वीं कसें ओळखावें, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम माझी स्वतःची चूक सांगतों. १९९६ सालची गोष्ट. वडिलांना मागें बसवून मी चिपळुणाहून कुंभार्ली घाटानें कऱ्हाडास निघालों होतों. त्यांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरली होती, आणि दुपारीं बारापूर्वीं रुग्णालयांत पोहोंचणें अगत्याचें होतें. पोफळी मागें पडली, चढ लागला, आणि कांहीं वळणें गेल्यावर इंजिनाचा आवाज एकाएकीं चढूं लागला. गाडी मात्र पुढें सरेना. मूठ जों जों पिळावी, तों तों आवाज वाढे आणि वेग मंदावे. थोड्याच वेळांत करपल्याचा वास नाकांत शिरला. अखेर वडील म्हणाले, "तूं हो पुढें. मी येतों चालत." सत्तरीचा, अंधुक दृष्टीचा मनुष्य काठी टेकीत घाट चढतो आहे, आणि त्याचा मुलगा रिकामी गाडी घेऊन पुढच्या वळणावर त्याची वाट पाहात उभा आहे, असा तो प्रकार होता.

आश्चर्य असें कीं, दोनच महिन्यांपूर्वीं मीं नव्या क्लचप्लेटा बसविल्या होत्या! मग दोष कोठें होता? तें कळण्यासाठीं क्लचचें कार्य समजून घेतलें पाहिजे.

आपले दोन्ही तळहात एकमेकांवर ठेवून घट्ट दाबा आणि एक हात फिरवा. दुसराही त्याबरोबर ओढला जाईल. आतां दाब सैल करा. पहिला हात फिरेल, दुसरा जागच्या जागीं राहील. क्लच म्हणजे हेंच. मोटारसायकलींत तळहातांच्या ऐवजीं चकत्यांची एक चवड असते, भाकरींच्या चवडीसारखी. एकाआड एक चकती अस्तराची आणि एक नुसत्या पोलादाची. अस्तराच्या चकत्या इंजिनाबरोबर फिरतात. पोलादी चकत्या गिअरच्या बाजूला जोडलेल्या असतात. ही चवड स्प्रिंगांनीं दाबून धरलेली असते. डाव्या हाताचा दांडा ओढला कीं वायर स्प्रिंगांचा दाब काढून घेते, आणि इंजिन व चाक यांची फारकत होते. आपल्याकडील बहुतेक मोटारसायकलींत हें सर्व इंजिनाच्या ऑइलमध्येंच भिजत असतें.

आतां महत्त्वाची गोष्ट. दांडा ओढतांना पहिली थोडीशी हालचाल पोकळ असते. तिला कारागीर 'प्ले' म्हणतात. आपण मोकळीक म्हणूं. दांड्याच्या टोकाशीं मोजली असतां ती पुष्कळ गाड्यांत १० ते २० मिलिमीटर असावी लागते; नेमका आंकडा गाडीच्या पुस्तिकेंत दिलेला असतो. ही मोकळीक म्हणजे ढिलाई नव्हे. हात सोडल्यावर स्प्रिंगांना आपला सर्व दाब चकत्यांवर टाकतां यावा, म्हणून मुद्दाम राखलेली ती जागा आहे. वायर जुनी होऊन ताणली म्हणजे मोकळीक वाढते. उलट, अस्तर झिजून चवड पातळ झाली म्हणजे मोकळीक कमी होते. म्हणून मोकळीक आपोआप वाढली तर वायरीकडे पाहावें, आपोआप घटली तर चकत्यांकडे. उघडण्यापूर्वींच दांडा आपणांशीं इतकें बोलतो!

मीं काय केलें होतें? नव्या चकत्या बसल्यावर दांडा मला ढिला वाटला. दांडा कसा कडक हवा, ही माझी समजूत! मीं वायरीचा नट फिरवून सगळी मोकळीक काढून टाकली. नव्या चकत्या वापरानें थोड्या बसतात, तशा त्या बसल्या आणि वायर उलट ताणली गेली. मी हात सोडीत होतों, पण वायर सोडीत नव्हती. स्प्रिंगांचा अर्धा दाब नाहींसा झाला, चकत्या घसरूं लागल्या, घसरून तापल्या आणि तापून करपल्या. घाट चढून कोयनानगरला पोहोंचल्यावर एका वयोवृद्ध मिस्त्रीनें गाडीला हत्यार लावण्याआधीं नुसतें एक बोट दांड्यावर ठेवलें आणि तो म्हणाला, "मास्तर, क्लच धरणार कसा? तुम्हीं त्याला मोकळा सोडलाच नाहीं." त्यानें नट दोन-चार फेरे आंत घेतला, आणि आम्हीं हळूहळू कऱ्हाड गांठलें. पोहोंचलों तेव्हां दोन वाजून गेले होते. शस्त्रक्रिया पुढल्या आठवड्यावर गेली.

या अनुभवावरून परीक्षेचा एक क्रम मीं ठरविला आहे. प्रथम दांड्याची मोकळीक पाहावी. हँडल डावीउजवीकडे पूर्ण वळवूनही ती कायम राहते ना, वायर आंत सुरळीत सरकते ना, तिचे तंतु तुटलेले नाहींत ना, हें पाहावें. दुसरें, ऑइल. मोटारगाडीच्या कांहीं ऑइलांत घर्षण कमी करणारीं द्रव्यें असतात. इंजिनास तीं मानवतात, परंतु भिजलेल्या क्लचला घातक ठरतात. भिजत्या क्लचच्या मोटारसायकलीसाठीं 'जासो एमए' किंवा 'एमए-२' असें डब्यावर लिहिलेलें ऑइल पुस्तिकेप्रमाणें घ्यावें.

तिसरी परीक्षा रस्त्यावरची. इंजिन गरम झाल्यावर, मोकळ्या सरळ रस्त्यावर, शेवटच्या गिअरमध्यें मध्यम वेगानें जात असतां मूठ एकदम पिळावी. आवाज आणि वेग बरोबरीनें वाढले तर क्लच धड आहे. आवाज चढला आणि वेग मागें राहिला, तर क्लच घसरतो आहे. आवाजही चढेना व वेगही वाढेना, तर क्लचला दोष देऊं नये. इंजिनाची शक्ति कमी झाली आहे किंवा ब्रेक चाकाला धरून राहिला आहे. या एका भेदाकडे दुर्लक्ष झाल्यानें कित्येकांचे पैसे नाहक खर्च होतात.

याच्या उलट एक दुखणें आहे. दांडा पूर्ण ओढला तरी गाडी पुढें सरकते, गिअर कडाडून पडतो, उभ्या गाडीला न्यूट्रल सांपडत नाहीं. हा क्लच झिजल्याचा नव्हे, तो पुरता न सुटण्याचा दोष आहे. मोकळीक फार झाली, पोलादी चकत्या वांकल्या, किंवा चकत्या ज्या खांचांत सरकतात त्यांना चरे पडले, म्हणजे असें होतें.

मोकळीक योग्य, ऑइल योग्य, आणि तरीही क्लच घसरतो, तेव्हांच इंजिन उघडण्यास सांगावें. उघडल्यावरही डोळ्यांवर विसंबूं नये. अस्तराच्या चकतीची जाडी मापावी. पोलादी चकती सपाट कांचेवर ठेवून तिचा वांक पाहावा. पुष्कळ पुस्तिकांत त्याची मर्यादा ०.२ मिलिमीटर दिलेली असते. निळसर झालेली पोलादी चकती म्हणजे ती अतिशय तापल्याची खूण. स्प्रिंगांची लांबीही मापावी, कारण दमलेल्या स्प्रिंगा नव्या चकत्यांनाही घसरवितात. नव्या चकत्या बसविण्यापूर्वीं ऑइलमध्यें भिजवाव्या, आणि शेवटीं मोकळीक नव्यानें लावावी.

चढावर क्लच अर्धवट धरून गाडी थोपवूं नये. त्यासाठीं ब्रेक आहे. चालतांना दांड्यावर बोटें टेकवून ठेवूं नयेत.

वडिलांची शस्त्रक्रिया पुढें चांगली झाली. त्या घाटाबद्दल ते मला कधीं एक शब्दही बोलले नाहींत. परंतु त्या दिवसापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं मी गाडीच्या दांड्यावर एक बोट ठेवतों आणि मोकळीक मापतों. त्याला अर्धें मिनिट लागतें. आपणही तेवढें करावें, इतकीच विनंति.